गाणे कोणाचे, ध्वनिमुद्रण कोणाचे : रॉयल्टी-जुळवणी प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रकल्पाची व्याप्ती आज लेखी ठरली. स्वतंत्रपणे काम करणारे गायक, वादक, गीतकार आणि संगीतकार यांच्या संगीताचा वापर कोठे झाला, त्यापोटी किती रक्कम हाती आली आणि कोणती वाटेत अडकली, हे त्यांना एका ठिकाणी दिसावे आणि अडकलेली रक्कम सोडवण्यासाठी लागणारी नोंदणीही तेथूनच करता यावी, एवढेच या प्रणालीचे काम राहील. पैसे गोळा करणे किंवा वाटणे आम्ही करणार नाही. ते काम करणाऱ्या संस्था जगभर आहेत, त्यांतील काही शंभर वर्षांहून जुन्या आहेत (फ्रान्समधील सासेम १८५१ पासून चालू आहे), आणि त्यांच्या शेजारी आणखी एक संस्था उभी केल्याने कलाकाराचे अर्ज कमी होण्याऐवजी एकाने वाढतील.

सगळा गुंता एकाच मुळातून फुटतो. ऐकू येणाऱ्या प्रत्येक गाण्यात दोन स्वतंत्र मालमत्ता असतात: एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल, दुसरी त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण. रचनेवर गीतकार, संगीतकार आणि त्यांचे प्रकाशक यांचा हक्क असतो, तर ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा. स्ट्रीमिंग सेवेवर गाणे एकदा वाजले की रचनेपोटी सार्वजनिक सादरीकरणाची आणि प्रत काढण्याची, म्हणजे मेकॅनिकल, अशा दोन प्रकारच्या रकमा निघतात आणि ध्वनिमुद्रणापोटी तिसरी. तेच गाणे रेडिओवर वाजले तर अनेक देशांत कलाकारांना संलग्न हक्कांपोटी, म्हणजे ध्वनिमुद्रणात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हक्कांपोटी, चौथी रक्कम मिळू शकते. या रकमा वेगवेगळ्या संस्थांकडून, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या नमुन्यांतील हिशेबपत्रकांसह येतात. जो कलाकार स्वतःच लिहितो, स्वतःच चाल बांधतो आणि स्वतःच गातो, तो या चारही वाटांवर हक्कदार असतो. पण वितरकाकडून, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांवर चढवणाऱ्या कंपनीकडून, ध्वनिमुद्रणाचे पैसे नियमित येत असल्यामुळे आपला हिशेब पूर्ण झाला, अशी त्याची सहज समजूत होते.

जगातील सर्व रचनांचे एकच अधिकृत भांडार उभारावे, ही सूचना आजच्या बैठकीत आली आणि ती बाजूला ठेवण्यात आली. ग्लोबल रिपर्टॉयर डेटाबेस या नावाने हाच प्रयत्न मोठमोठ्या संस्थांनी मिळून केला होता, आणि सहभागी संस्थांनी निधी काढून घेतल्यावर २०१४ मध्ये तो गुंडाळावा लागला. आम्ही फक्त एकेका कलाकाराचे भांडार नीट लावून देणार आहोत.

१४ जानेवारी

चाचणीसाठी सहभागी झालेल्या कलाकारांनी आपापली जुनी पत्रके पाठवली आहेत. त्यांत सीएसव्ही आहे, एक्सेल आहे, कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ आहे आणि डीडेक्स या मानक-मंडळाच्या नमुन्यातील टॅबने विभागलेल्या फायलीही आहेत. एकाच सेवेच्या दोन वर्षांतील पत्रकांत स्तंभांची नावे जुळत नाहीत, हे अपेक्षितच होते.

अपेक्षेपेक्षा अधिक हानी एक्सेलने केलेली दिसते. गीतकार-संगीतकारांना मिळणारा आयपीआय नाम-क्रमांक अकरा अंकी असतो आणि त्याच्या सुरुवातीला बहुधा शून्ये असतात. फाइल एक्सेलमध्ये उघडून नुसती जतन केली तरी ती शून्ये गळून पडतात. अल्बमचा बारा किंवा तेरा अंकी बारकोड त्याहून दुर्दैवी ठरतो, कारण तो घातांकी रूपात दिसू लागतो आणि त्याच रूपात सीएसव्हीमध्ये गेला की शेवटचे अंक परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून नियम केला: आलेली मूळ फाइल एका बाइटनेही न बदलता, तिच्या एसएचए-२५६ ठशासह (फाइल बदलली की बदलणाऱ्या गणिती खुणेसह) साठवायची, प्रत्येक स्तंभ आधी मजकूर म्हणूनच वाचायचा आणि संख्येत रूपांतर फक्त रकमेच्या व वापरसंख्येच्या स्तंभांचे करायचे. प्रणालीतील प्रत्येक रकमेवरून मूळ फाइलच्या नेमक्या ओळीपर्यंत मागे जाता आले पाहिजे. ज्या आकड्याचा उगम दाखवता येत नाही, तो आकडा संस्थेपुढे मांडून दावा करता येत नाही.

२७ जानेवारी

आज ओळख-क्रमांकांच्या तपासणीचा भाग पूर्ण झाला. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पुढचे सर्व काम याच्यावर उभे असल्याने तो सविस्तर नोंदवत आहे.

ध्वनिमुद्रणाची ओळख आयएसआरसी या बारा अक्षरांच्या क्रमांकाने होते आणि रचनेची ओळख आयएसडब्ल्यूसीने होते. दोन्ही आयएसओची मानके आहेत. पहिल्याचा कारभार इफ्पी या ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे, तर दुसऱ्याचा सिसॅककडे आहे. सिसॅक ही हक्कसंस्थांची आंतरराष्ट्रीय महासंघटना १९२६ मध्ये स्थापन झाली. आयएसडब्ल्यूसीमध्ये टी हे अक्षर, नऊ अंक आणि शेवटी एक तपास-अंक असतो. तपास-अंक काढण्याची रीत सोपी आहे: नऊ अंकांना अनुक्रमे १ ते ९ ने गुणून बेरीज करायची, त्यात १ मिळवायचा आणि ती बेरीज दहाच्या पुढच्या पटीत नेण्यासाठी जेवढे कमी पडेल तेवढा अंक शेवटी लिहायचा. टी-०३४.५२४.६८० या क्रमांकाची बेरीज १७९ येते, म्हणून त्याचा तपास-अंक १. टंकलेखनातील बहुतेक चुका यामुळे तेथल्या तेथे पकडल्या जातात.

आयएसआरसीमध्ये मात्र तपास-अंकच नाही. सुरुवातीच्या पाच अक्षरांत शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली, तरी तयार होणारा क्रमांक दिसायला वैधच असतो आणि तो दुसऱ्याच कोणाच्या ध्वनिमुद्रणाचाही असू शकतो. त्यामुळे आमची तपासणी क्रमांकाच्या आकारावर थांबत नाही. क्रमांक, शीर्षक, कलाकार आणि कालावधी हे चारही एकमेकांशी सुसंगत आहेत का, हे ती पाहते.

आयएसआरसीच्या रचनेवरून अर्थ काढण्याचा मोह टाळायचा, असेही ठरले. सुरुवातीची दोन अक्षरे देशाची असत, पण अमेरिकेला आपली मूळ अक्षरे अपुरी पडल्यावर क्यूएम आणि क्यूझेड अशीही देण्यात आली, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या पाच अक्षरांचा मिळून एकच पूर्वांक मानला जातो. मधले दोन अंक क्रमांक दिल्याचे वर्ष सांगतात, ध्वनिमुद्रणाचे नव्हे. मालक बदलला किंवा वितरक बदलला तरी ध्वनिमुद्रणाचा क्रमांक तोच राहिला पाहिजे, असा नियम आहे. प्रत्यक्षात नव्या वितरकाकडे गाणे चढवताना जुना क्रमांक भरण्याची आठवण राहत नाही, प्रणाली आपोआप नवा क्रमांक देते, आणि एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन ओळखी होतात. जुन्या ओळखीशी जोडलेली रचना नव्या ओळखीला आपोआप जोडली जात नाही. पत्रकांत ध्वनिमुद्रणाची रक्कम दिसते आणि रचनेची एकाएकी थांबते, अशी जी उदाहरणे आम्हाला आढळली, त्यांत हे कारण वारंवार दिसले.

५ फेब्रुवारी

ध्वनिठशांचा, म्हणजे ऑडिओ फिंगरप्रिंटचा, वापर मर्यादित ठेवायचा. या तंत्रात आवाजाच्या वर्णपटातील ठळक शिखरांच्या परस्पर अंतरांवरून ओळख पटवली जाते. शॅझमच्या एव्हरी वांग यांनी २००३ मध्ये मांडलेली पद्धत हीच. गोंगाटातही ते उत्तम चालते, पण ओळखते ते ध्वनिमुद्रणाला. तीच चाल दुसऱ्या कोणी गायली, वेग किंवा स्वर बदलला, की ठसा जुळत नाही. आम्हाला ते एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन ओळखी शोधण्यासाठी उपयोगी आहे आणि त्यासाठी क्रोमाप्रिंट हे मुक्त साधन पुरेसे आहे.

१८ फेब्रुवारी

नावांच्या जुळवणीवर काम चालू आहे आणि ते अजून काही काळ चालेल.

पत्रकांत आयएसडब्ल्यूसी क्वचितच असतो. असतात ती शीर्षके आणि नावे, तीही रोमन लिपीत, जो भरेल त्याच्या मनाप्रमाणे लिहिलेली. एकाच गीतकाराचे नाव एका ठिकाणी आद्याक्षरांसह, दुसऱ्या ठिकाणी आडनाव आधी घालून आणि तिसऱ्या ठिकाणी टोपणनावाने आढळते. दीर्घ आकार कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी दोन. मूळ लिपीत लिहिलेली शीर्षकेही निर्धोक नाहीत, कारण युनिकोडमध्ये नुक्ता असलेले अक्षर दोन प्रकारे साठवता येते आणि डोळ्यांना एकसारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला वेगळे वाटतात. म्हणून तुलनेपूर्वी सर्व मजकूर युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणला जातो.

अक्षरांमधील फरक मोजण्यासाठी जॅरो-विंकलर पद्धत वापरत आहोत, पण नुसत्या साम्याच्या टक्क्यावर निर्णय देणे धोक्याचे आहे. एका शब्दाची, सर्वत्र आढळणारी शीर्षके शंभर टक्के जुळतात आणि तरी ती वेगवेगळ्या माणसांची गाणी असतात. येथे फेलेगी आणि सुंटर यांनी १९६९ मध्ये मांडलेली अभिलेख-जोडणीची रीत कामी येते: दोन नोंदी एखाद्या बाबतीत जुळल्या तर त्या जुळण्याला किती महत्त्व द्यायचे, हे ती बाब किती दुर्मीळ आहे यावरून ठरवायचे. दुर्मीळ शीर्षकाचे जुळणे भारी, सामान्य शीर्षकाचे हलके. कालावधी सेकंदापर्यंत जुळणे भारी, भाषा जुळणे हलके. सर्व भारांची बेरीज वरच्या मर्यादेपलीकडे गेली तर जोडणी मान्य, खालच्या मर्यादेखाली आली तर अमान्य, आणि मधला पट्टा माणसाकडे.

मधला पट्टा किती रुंद ठेवावा, यावर बराच वाद झाला. आमच्या प्रोग्रॅमर सहकाऱ्यांना तो शक्य तितका अरुंद हवा होता. माझे मत असे की येथील दोन चुकांची किंमत सारखी नाही. खरी जोडणी सुटली तर पैसे यायला उशीर होतो. चुकीची जोडणी झाली तर दुसऱ्याचे पैसे आपल्या कलाकाराकडे येतात, पुढे तक्रार होते, रक्कम परत वळती केली जाते आणि त्या कलाकाराच्या पुढच्या प्रत्येक दाव्याकडे संस्था संशयाने पाहू लागते. शेवटी पट्टा रुंदच ठेवला आणि तपासणाऱ्या व्यक्तीला जोडणीमागचे सर्व भार शब्दांत दिसतील अशी सोय केली.

३ मार्च

आजपर्यंतच्या कामाकडे पाहता माझी खात्री होत चालली आहे की रॉयल्टी अडते ती गाणे वाजल्यानंतर नव्हे, तर गाणे तयार झाले त्या आठवड्यात. वाटे त्या वेळी ठरत नाहीत. चौघे मिळून गाणे करतात, दोघे शब्द लिहितात, तिसरा चाल देतो, चौथा संगीत-संयोजन करता करता एक नवे कडवे सुचवतो, आणि वाट्यांचे पुढे बघू असे म्हणून सर्वजण उठतात. गाणे चालले नाही तर प्रश्न उद्भवत नाही. चालले, तर प्रत्येक जण आपापल्या संस्थेकडे आपापल्या समजुतीने नोंद करतो, बेरीज शंभराच्या वर जाते, संस्था त्या रचनेवर वाद असल्याची खूण करते आणि वादातील वाट्याची, काही ठिकाणी संपूर्ण रचनेची, रक्कम रोखली जाते. या आजारावर कोणतेही जुळवणीचे गणित चालत नाही.

म्हणून वाटे-करारपत्राचा भाग मूळ आराखड्यात दुय्यम होता तो आता मुख्य केला आहे. गाण्याची पहिली नोंद करतानाच सर्व सहरचनाकारांची नावे आणि प्रस्तावित वाटे भरायचे. प्रत्येकाला मोबाइलवर तो प्रस्ताव जातो. सर्वांनी मान्य केल्याखेरीज नोंद ‘निश्चित’ होत नाही आणि निश्चित न झालेली नोंद कोणत्याही संस्थेकडे पाठवता येत नाही. एखाद्याने बदल सुचवला तर नवी आवृत्ती तयार होते आणि जुनी पुसली जात नाही. नंतर कोणी मूळ बोलणे काही वेगळे झाले होते असे म्हणाले तर तारीखवार आवृत्त्या समोर ठेवता येतात.

दोन अडचणी तांत्रिक वाटल्या तरी खऱ्या अर्थाने व्यवहाराच्या आहेत. पहिली: तिघांत समान वाटा म्हणजे एक तृतीयांश, पण नोंदणीच्या नमुन्यात टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंतच लिहिता येते, म्हणजे कोणा एकाला ३३.३४ आणि बाकीच्यांना ३३.३३. आम्ही आत अपूर्णांकच साठवतो आणि बाहेर पाठवतानाच टक्केवारी करतो. उरलेला शतांश कोणाला जाईल हे करारपत्रातच स्पष्ट दिसते. दुसरी अधिक फसवी आहे. सादरीकरणाच्या हक्कात लेखकाचा हिस्सा आणि प्रकाशकाचा हिस्सा वेगळे मोजले जातात. काही ठिकाणी दोन्ही मिळून शंभर धरतात, तर काही ठिकाणी प्रत्येकाचे शंभर धरून एकूण दोनशे. त्यामुळे ‘माझा पन्नास टक्के वाटा’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि त्यांच्यात दुपटीचा फरक पडतो. पडद्यावर म्हणूनच टक्क्याबरोबर एक वाक्य दाखवतो: शंभर एककांची रक्कम आली तर तुमच्या हाती किती येईल. हे वाक्य वाचून आपला प्रस्ताव मागे घेणारे सहभागी आम्ही पाहिले.

११ मार्च

ब्लॉकचेन वापरणार का, ही विचारणा पुन्हा झाली. उत्तर नाही असे आहे. पहिली नोंदच चुकीच्या वाट्यांची असेल, तर ती न बदलता येण्याजोगी करून ठेवण्यात कोणाचा लाभ आहे, हे मला समजलेले नाही. आवृत्त्या जपण्यासाठी साधा डेटाबेस पुरतो.

२४ मार्च

नोंदणी पाठवण्याचा भाग चालू झाला. हक्कसंस्थांना रचना कळवण्याचा प्रचलित नमुना सीडब्ल्यूआर हा आहे: ठराविक रुंदीच्या ओळी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन अक्षरी प्रकार, प्रत्येक माहितीला ठराविक जागा. एक अक्षर कमी-अधिक झाले की पुढचे सर्व सरकते आणि फाइल परत येते. नमुना जुन्या वळणाचा असला तरी मला तो आवडू लागला आहे, कारण त्यात संदिग्धतेला जागाच नाही.

मूळ लिपीतील शीर्षकांसाठी आणि लेखकांच्या नावांसाठी या नमुन्यात स्वतंत्र ओळी आहेत, पण त्या भरल्या जाण्याचे प्रमाण आम्हाला मिळालेल्या जुन्या फायलींत फार कमी आहे. आमची प्रणाली त्या नेहमी भरेल. शिवाय एकाच रोमन रूपावर न थांबता प्रचारातील इतर रोमन रूपे पर्यायी शीर्षके म्हणून पाठवली जातील, कारण वापराचे पत्रक बनवणाऱ्याने कोणते रूप लिहिले असेल हे आपल्या हाती नसते.

फाइल पाठवून काम संपत नाही. संस्थेकडून पोच-फाइल येते आणि तिच्यात प्रत्येक रचनेची स्थिती असते: स्वीकारली, बदलांसह स्वीकारली, आधीच नोंदलेली आहे, वाद आहे, नाकारली. एका वितरण-सेवेच्या मार्फत केलेल्या जुन्या नोंदण्यांच्या पोच-फायली कोणी उघडूनच पाहिल्या नव्हत्या असे एका सहभागी संगीतकाराच्या बाबतीत दिसून आले. ‘नोंदणी केली’ आणि ‘नोंदणी झाली’ यांत दीर्घ काळ अंतर पडून राहिले होते. आमच्याकडे रचनेची स्थिती पोच वाचल्यानंतरच बदलते.

८ एप्रिल

रकमांचा हिशेब. सहभागी कलाकारांचा सर्वांत वारंवार येणारा प्रश्न एका स्ट्रीमला किती मिळतात हा आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘ठरलेला दर नाही’ असे आहे. मोठ्या सेवांवर सामान्यतः एका देशातील, एका महिन्यातील, एका प्रकारच्या वर्गणीचे उत्पन्न एकत्र करून त्यातील हक्कदारांचा भाग एकूण वापराच्या प्रमाणात वाटला जातो. त्यामुळे आपले गाणे तितकेच वाजले तरी इतरांची अधिक वाजली की आपली रक्कम घटते. प्रत्येक श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्यांतच वाटावी ही पर्यायी पद्धत साउंडक्लाउडने २०२१ मध्ये स्वीकारली, पण ती अद्याप सार्वत्रिक नाही. स्पॉटिफायवर तीस सेकंदांहून कमी ऐकले तर स्ट्रीम धरला जात नाही, आणि २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसलेल्या ध्वनिमुद्रणाला ध्वनिमुद्रणापोटीची रक्कम मिळत नाही. ही अट रचनेच्या रॉयल्टीला लागू नाही. ध्वनिमुद्रणाची रक्कम शून्य दिसली म्हणून रचनेचा पाठपुरावा सोडणे म्हणूनच चूक ठरते, आणि प्रणाली अशा गाण्यांवर तशी सूचना दाखवते.

पत्रकातील एकेका ओळीची रक्कम दशांश चिन्हानंतर सहा-सहा स्थळांपर्यंत असते. संगणकातील नेहमीची दशांश संख्या दोनच्या घातांत साठवली जात असल्याने लाखो ओळींच्या बेरजेत फरक पडतो. म्हणून सर्वत्र अचूक दशमान प्रकार वापरला आहे आणि पूर्णांकन फक्त शेवटच्या देय रकमेवर होते. ओळींची बेरीज आणि पत्रकाची एकूण रक्कम जुळली नाही तर ते पत्रक हिशेबात घेतले जात नाही. चलन-विनिमय, परदेशातील करकपात आणि संस्थेचा व्यवस्थापन-खर्च या तीन वजावटी वेगवेगळ्या खात्यांत दाखवल्या आहेत. त्या एकत्र केल्यास कर-सवलतीचा अर्ज भरायचा राहिला आहे, हे कलाकाराच्या लक्षात येत नाही.

२२ एप्रिल

वादकांचा प्रश्न. रचनेत वाटा नसलेला, एका दुपारी स्टुडिओत येऊन वाजवून गेलेला वादक या साखळीत सर्वांत अदृश्य असतो. १९६१ च्या रोम कराराच्या बाराव्या कलमाने ध्वनिमुद्रणाच्या प्रसारणापोटी कलाकार, निर्माते किंवा दोघांनाही समन्याय्य मोबदला देण्याची तरतूद केली, पण अमेरिका त्या कराराची सदस्य नाही आणि तेथे पारंपरिक रेडिओवरील प्रसारणासाठी ध्वनिमुद्रणाचा मोबदला दिला जात नाही. परिणामी काही देश अमेरिकी ध्वनिमुद्रणांना परतफेडीच्या न्यायाने तो नाकारतात. इंटरनेट रेडिओसाठी मात्र तेथे साउंडएक्स्चेंज ही संस्था रक्कम गोळा करते आणि तिची विभागणी कायद्याने ठरलेली आहे: ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथ करणाऱ्या गायक-वादकांसाठीच्या निधीला. म्हणजे ध्वनिमुद्रण कोठे झाले, वादक कोणत्या देशाचा, गाणे कोठे वाजले, या तिन्हींवर उत्तर अवलंबून असते.

हे नियम प्रणालीत घालता येतात. साथीदारांची नावेच कोठे नोंदलेली नसतील तर मात्र नियमांचा उपयोग नाही. डीडेक्सने स्टुडिओतच कोण, काय, कधी वाजवले हे नोंदवण्यासाठी रिन नावाचा नमुना केला आहे. त्याचे पूर्ण रूप आमच्या सहभागींना जड जाईल, म्हणून त्यातील नाव, वाद्य, भूमिका, तारीख आणि ध्वनिमुद्रणाचे ठिकाण एवढीच माहिती घेणारा एक पडदा केला. तो ध्वनिमुद्रण चालू असताना भरायचा आहे. नंतर आठवून भरलेली माहिती आणि त्या दिवशी भरलेली माहिती यांवर वेगवेगळी खूण राहते.

६ मे

‘अडकलेली रक्कम’ या अहवालाचा पहिला मसुदा तयार झाला. कोणत्या गाण्यावर ध्वनिमुद्रणाचे उत्पन्न आहे पण रचनेचे नाही, कोणत्या देशात वापर आहे पण नोंद नाही, कोणत्या रचनेवर वाद आहे, हे तो सांगतो. अपेक्षित रकमेचा अंदाज छापावा अशी मागणी होती, ती मी मान्य केलेली नाही. ठोक दराने काढलेला आकडा वाचणाऱ्याच्या मनात येणे असल्यासारखा बसतो आणि प्रत्यक्ष रक्कम कमी आली की राग संस्थेवर निघतो. त्याऐवजी वापरसंख्या आणि मुदत या दोन निकषांवर क्रम लावला आहे.

मुदतीचा निकष आवश्यक आहे, कारण ज्यांचा हक्कदार सापडत नाही अशा रकमा कायम पडून राहत नाहीत. युरोपीय संघाच्या २०१४/२६ या निर्देशानुसार संस्थेने वर्षभरात जमवलेली रक्कम ते आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत वाटली पाहिजे, आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षांत हक्कदार सापडला नाही तर ती वाटपायोग्य नसल्याचे मानता येते. अमेरिकेत २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन कायद्याखाली उभी राहिलेली मेकॅनिकल लायसेन्सिंग कलेक्टिव्ह ही संस्था १ जानेवारी २०२१ पासून सरसकट परवान्याचे, म्हणजे एकाच परवान्यात सर्व रचना देण्याचे, काम पाहू लागली, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत स्ट्रीमिंग सेवांनी आजवर हक्कदार न जुळल्याने साठलेले सुमारे ४२.४ कोटी डॉलर तिच्याकडे वर्ग केले. ते पैसे द्यायला कोणी नकार दिला होता असे नाही. कोणाला द्यायचे हे ठरवता येत नव्हते. ही संस्था आपला रचना-संग्रह सर्वांना शोधण्यासाठी खुला ठेवते. त्याच्याशी सहभागींची यादी ताडून पाहण्याचे काम आमच्या अहवालात प्रथम होते.

१९ मे

कलाकारांसोबतच्या चाचणीचे निष्कर्ष थोडक्यात. आलेखांचा पडदा कोणी वापरला नाही; तो काढून टाकला. ‘आज काय करायचे’ ही एका ओळीची यादी सर्वांनी वापरली. आयपीआय आणि आयएसआरसी ही नावे पडद्यावर आधी दिसू नयेत, गरज पडेल तेव्हाच दिसावीत, असे ठरले. एका ज्येष्ठ गीतकारांनी आपली जुनी हस्तलिखित यादी छायाचित्रे काढून पाठवली होती. ती हाताने भरून घेतली, कारण त्यांच्या अक्षरापुढे मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचा टिकाव लागला नाही आणि यादीतील प्रत्येक शीर्षकापुढे त्यांनी सहरचनाकारांची नावे काटेकोर लिहिली होती. अशी यादी आम्हाला इतर कोणाकडूनही मिळालेली नाही.

२ जून

पोच-फायलींची ताजी तुकडी आली. बहुतेक रचना स्वीकारल्या गेल्या. काहींवर वादाची खूण आहे आणि त्यांतील एका प्रकरणात एका प्रकाशकाने पूर्वी सोडून दिलेल्या गाण्यावर आपला हिस्सा अजून नोंदवून ठेवला आहे. करार संपल्याचे पत्र कलाकाराकडे होते, पण संस्थेला ते कोणी कळवलेच नव्हते. प्रणालीने दोन्ही दाव्यांची बेरीज, त्यांच्या तारखा आणि त्या पत्राची प्रत जोडून मसुदा तयार केला. तो वाचून, दोन वाक्ये सौम्य करून कलाकाराने स्वतःच्या नावाने पाठवला. दावा मागे घेतला जाईपर्यंत त्या रचनेची स्थिती ‘रोखलेली’ अशीच दिसेल आणि तिच्या ओळी प्रत्येक नव्या पत्रकाशी ताडून पाहिल्या जातील.

पुढच्या टप्प्यासाठी दोन कामे घेतली आहेत. पहिले, कलाकाराने ही प्रणाली सोडली तर त्याची सर्व माहिती, करारपत्रांच्या आवृत्त्यांसह, उघड नमुन्यात त्याच्या हाती देण्याची सोय. हे काम पैसे देणारे नवे सहभागी घेण्यापूर्वी व्हायलाच हवे. दुसरे, दूरचित्रवाणीच्या क्यू-शीट वाचणे, ज्यांत पार्श्वसंगीताचा प्रत्येक तुकडा त्याच्या सेकंदांसह लिहिलेला असतो. मिळालेल्या नमुन्यांपैकी एका पत्रकात संगीतकाराच्या रकान्यात ‘विविध’ एवढाच शब्द आहे, आणि सुरुवात त्याच पत्रकापासून करायची आहे.